म्युअर वुड्स: रेडवुडच्या जुन्या जंगलातली छोटी पायवाट, आईबाबांसोबत

रानवाट

मार्च-एप्रिल आला की कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. आईबाबा येणार आहेत, गुडघे दुखतात, त्यांना झेपेल असं जंगल कुठलं? उत्तरात म्युअर वुड्सचं नाव येतं, आणि मग ती भेट गोल्डन गेट पूल, सॉसलिटो आणि संध्याकाळचं जेवण यांच्यामध्ये कुठेतरी चेंगरून बसते. चाळीस मिनिटांत आत, फोटो, बाहेर. मला हे फार खटकतं. मोठ्या माणसांना सोबत घेऊन तिथे गेलात तर अख्खी सकाळ द्या, एवढंच सांगायला हा धागा काढलाय. बाकीची माहिती त्या ओघात.

सॅन फ्रान्सिस्कोहून पूल ओलांडला की माउंट टॅमलपायसच्या पायथ्याशी एका अरुंद दरीत हे जंगल आहे. संरक्षित जागा साडेपाचशे एकरांच्या आसपास, त्यातलं कधीच न तोडलेलं जुनं जंगल २४० एकर. किनारी रेडवुड या उंच झाडांचं जुनं जंगल एकेकाळी ओरेगॉनच्या सीमेपासून बिग सरपर्यंत सुमारे २० लाख एकरांवर होतं. आज त्यातलं जेमतेम पाच टक्के उरलंय, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. महानगराच्या इतक्या जवळ असलेला तुकडा म्हणून याचं मोल वेगळं आहे.

मुख्य वाट रेडवुड क्रीक नावाच्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी जाते. जवळजवळ सपाट. काही ठिकाणी लाकडी फळ्यांची, काही ठिकाणी डांबरी. ओढ्यावर ठरावीक अंतराने चार पूल आहेत. दुसऱ्या पुलावरून वळलात तर अर्ध्या तासाची फेरी, तिसऱ्यावरून तासाभराची, चौथ्यावरून दीड तासाची. ही वेळ न थांबता चालणाऱ्यांची, म्हणून दुप्पट धरा. चौथ्या पुलावरून परतणारी हिलसाइड ट्रेल चढाची, मुळांची आणि अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांना तिकडे नेऊ नका. एका काठाने तिसऱ्या पुलापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं, हे मला सगळ्यात योग्य वाटतं.

आता मुद्द्याचं. प्रवेशद्वारापासून जवळच एका पडलेल्या रेडवुडचा आडवा काप ठेवलेला आहे. झाड रुजलं इ.स. ९०९ मध्ये आणि पडलं १९३० मध्ये. वर्तुळांवर खुणा लावल्यात: १०६६ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५चा मॅग्ना कार्टा, १४९२ला कोलंबस, १७७६चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही थांबा आणि आईबाबांसोबत आपल्या खुणा लावा. हे रोप उगवलं तेव्हा आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य होतं, वेरूळचं कैलास लेणं आधीच कोरून झालेलं होतं. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये लिहून झाली तेव्हा झाड पावणेचारशे वर्षांचं होतं. १६३०, १६७४, १७६१ ही वर्षं बोटाने शोधा, बाहेरच्या अंगाला कुठेतरी सापडतात. माझे बाबा इतिहासाचे शिक्षक. तिथे त्यांनी नातवंडांना पानिपतापर्यंतचा इतिहास सांगितला, आणि आमच्या मागे उभं असलेलं एक अनोळखी कुटुंबही ऐकत थांबलं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं.

आता जी झाडं उभी आहेत त्यांतली बरीचशी ५०० ते ८०० वर्षांची आहेत, सर्वात जुनी १२०० वर्षांच्या घरातली. सर्वात उंच झाड सुमारे २५८ फूट. जगातलं सर्वात उंच झाड इथलं नाही. ते उत्तरेला रेडवुड नॅशनल पार्कमध्ये आहे, आणि त्या झाडापाशी जायला बंदी आहे.

प्रश्न असतील तर विचारा.

नीलमोहोर

फार वेळेवर धागा आला. सासूबाई-सासरे मे महिन्यात येतायत. पार्किंगचं नक्की काय करायचं? कुणी म्हणतं आधी बुकिंग लागतं, कुणी म्हणतं सकाळी लवकर गेलं की मिळतं.

रानवाट

नीलमोहोर, आधी बुकिंग लागतंच. जानेवारी २०१८ पासून हा नियम आहे आणि तो वर्षभर, रोज लागू असतो. सकाळी आठला गेलात तरी बुकिंगशिवाय गाडी लावू देत नाहीत. रस्त्याच्या कडेलाही लावता येत नाही. बुकिंगमध्ये पोचण्याची वेळ ठरलेली असते. पार्किंगचे पैसे वेगळे, प्रवेशाचे वेगळे. १६ वर्षं आणि त्यावरच्यांना प्रवेश १५ डॉलर, त्याखालच्या मुलांना मोफत. दर बदलतात, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर असतील तर सिनियर पास त्यांना मिळणार नाही, तो अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतो.

शटल बस हंगामात, मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असते. तिचंही आधीच बुकिंग करायचं.

तिथे मोबाइलला रेंज नसते. बुकिंगची पावती घरूनच फोनवर उतरवून ठेवा, किंवा कागदावर छापून न्या. भाड्याच्या टॅक्सीने गेलात तर परतीला टॅक्सी बोलावता येत नाही, लोक तिथे अडकून पडतात.

नीलमोहोर

बरं झालं सांगितलंत. टॅक्सीचा विचार चाललाच होता आमचा. डबा नेला तर चालेल का? सासऱ्यांना मधुमेह आहे, वेळेवर खावं लागतं.

रानवाट

वाटेवर बसून डबा खायला परवानगी नाही. उष्टंखरकटं पडलं की डोमकावळे आणि ‘जे’ नावाचे निळे पक्षी जमतात, आणि तेच पक्षी इतर पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लंही खातात. म्हणून नियम कडक आहे. दाराशी कॅफे आहे. मधुमेह असेल तर आत जाण्याआधीच नीट खाऊन घ्यायला सांगा. स्वच्छतागृहंही दाराजवळच आहेत, पुढे वाटेवर नाहीत, ज्येष्ठांसोबत हेही लक्षात असू द्या. डबा फिरून झाल्यावर म्युअर बीचवर न्या. गाडीने थोडंच पुढे, तिथे बसायला टेबलं आहेत.

शेवटचा रस्ता वळणावळणाचा घाट आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा.

सह्यभटक्या

नमस्कार. मी पुण्याचा, वय एकाहत्तर, लेकीकडे दोन उन्हाळे राहून आलोय. दोन्ही वेळेस तिथे गेलो. रानवाट यांनी झाडांच्या वयाबद्दल छान लिहिलंय. मला थोडं खाली बघण्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण सगळे माना वर करूनच चालत असतात.

रेडवुडच्या बुंध्याशी जमिनीवर तीन पानांची हिरवी चादर दिसते. ती आपल्या आंबुटीची बहीण. पानं तशीच हृदयाच्या आकाराची, फक्त बरीच मोठी. दाट सावलीत ती आडवी पसरलेली असतात, पण फांद्यांतून उन्हाचा कवडसा थेट पडला की काही मिनिटांत छत्रीसारखी मिटतात. ऊन सरकलं की पुन्हा उघडतात. मी बाकावर बसून हे होताना बघितलं. लेक म्हणाली, बाबा चला, आणि मग तीही बसली.

दुसरं झाड बे लॉरेलचं. रेडवुडच्या सावलीतून उजेड गाठण्यासाठी ते वाकडंतिकडं, कधी जवळजवळ आडवं वाढतं. पान जवळून हुंगलं तर तमालपत्राच्या जातीचा, पण कितीतरी उग्र वास येतो. दोघंही एकाच कुळातले. पान तोडायचं नाही. गळालेलंही खिशात घालायचं नाही.

हे लिहिताना मला आपल्या देवराया आठवल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक गावांत वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा नियम जिवंत होता. त्यामागे देवाचा धाक होता. म्युअर वुड्समध्ये धाक कायद्याचा. पडलेलं झाड मात्र दोन्हीकडे तिथेच कुजू देतात. म्युअर वुड्समध्ये ओढ्यात आडवे पडलेले ओंडके बघून आमच्या गटातले एकजण म्हणाले, साफसफाई करत नाहीत वाटतं. तीच तर त्या जंगलाची साफसफाई आहे.

खारुताई

काका, किती सुंदर लिहिलंत! आंबुटीचं मला माहीतच नव्हतं. ओंडक्यांबद्दल भर घालते. त्या ओढ्यात कोहो सामन मासे येतात. पूर्वी ओंडके काढून टाकत असत, आणि १९३०च्या दशकात काठ ढासळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दगड रचले होते. ओढा सरळ आणि वेगाने वाहायला लागला, आणि पिल्लांना लपायला शांत डोहच उरले नाहीत. अलीकडच्या वर्षांत त्यातले बरेच दगड मुद्दाम काढले आणि ओंडके परत आणून टाकले. उन्हाळ्यात पुलावरून वाकून सावलीतल्या डोहात बघा, बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभी असलेली दिसू शकतात.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचा उत्साह कळतो, पण मी थोडं वेगळं मत मांडतो. म्युअर वुड्स हा पर्यटकांचा अड्डा आहे. जुलैतल्या शनिवारी तिथे रांगेत चालावं लागतं. जंगल अनुभवायचंच असेल तर दक्षिण बे एरियातल्या लोकांनी फेल्टनजवळच्या हेन्री कॉवेल पार्कला जावं. तिथली रेडवुड ग्रोव्हची फेरी पाऊण मैलाच्या आसपास, पूर्ण सपाट. झाडं जुनी आहेत, सर्वात उंच २७७ फुटांचं, म्हणजे म्युअर वुड्सपेक्षा उंचच. उत्तरेकडच्यांनी गर्नव्हिलचं आर्मस्ट्राँग बघावं. तिथलं कर्नल आर्मस्ट्राँग झाड १४०० वर्षांहून जुनं आहे. दोन्हीकडे आठवडे आधी बुकिंगची धावपळ करावी लागत नाही. मग आईबाबांना त्या गर्दीत का न्यायचं?

बे_एरियावासी

हेन्री कॉवेलला माझंही अनुमोदन. कूपर्टिनो-सनीव्हेलवाल्यांना ते सोयीचं पडतं. बिग बेसिन मात्र आता पूर्वीचं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२० च्या आगीत जवळजवळ सगळं पार्क जळलं. तरी एकदा जाऊन बघा. काळ्याठिक्कर खोडांवर बुंध्यापासून वरपर्यंत हिरवे धुमारे फुटलेत, रेडवुड तसा सहजी मरत नाही.

रानवाट

प्रश्नचिन्ह, गर्दीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि हेन्री कॉवेलची फेरी मलाही आवडते. सॅन होजेहून निघणाऱ्याने आधी तिथे जावं हेही मान्य. तरी म्युअर वुड्सला पर्यटकांचा अड्डा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. गर्दी पहिल्या दोन पुलांपर्यंत असते. कामाच्या दिवशी पहिल्या तासाचं बुकिंग घेतलं, किंवा दुपारी चारनंतरचं, तर तिसऱ्या पुलाकडे चांगलीच शांतता मिळते. धुकं उतरलेली सकाळ असेल तर आणखी.

दुसरं असं, की ही दरी शिल्लक कशी राहिली त्याची गोष्ट इतर कुठल्याही रेडवुड पार्कपेक्षा मला मोठी वाटते. ती माहीत असली की त्या गर्दीचाही राग येत नाही. ही जागा राखली तीच मुळी शहरातल्या लोकांना जवळ जंगल मिळावं म्हणून.

शोधक

ती गोष्ट मी लिहितो, मला या विषयाची आवड आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या भोवतालची रेडवुडची जंगलं एकोणिसाव्या शतकातच कापली गेली. अर्धं शहर त्याच लाकडाचं होतं. ही दरी सुटली कारण ती अडचणीची होती, ओंडके बाहेर काढणं महाग पडायचं. पण १९०० नंतर तोही भरवसा राहिला नाही. १९०४च्या सुमारास कॅलिफोर्निया क्लब या संस्थेतल्या बायकांनी ही दरी वाचवण्यासाठी मोहीम चालवली. सहसा हा भाग गाळला जातो. १९०५ मध्ये विल्यम केंट आणि एलिझाबेथ थॅचर केंट या दांपत्याने ६११ एकर जमीन ४५,००० डॉलरना विकत घेतली, त्यासाठी कर्ज काढलं. पत्नीला कर्जाची काळजी वाटत होती, तेव्हा सगळा पैसा गेला आणि ही झाडं वाचली तरी सार्थकच होईल, असं केंट म्हणाल्याचं सांगतात.

पुढच्याच वर्षी भूकंप आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं आणि बांधकामाच्या लाकडाला सोन्याचा भाव आला. १९०७ मध्ये एका पाणीपुरवठा कंपनीने ओढ्यावर धरण बांधायचं ठरवलं. सॉसलिटोला पाणी द्यायचं म्हणून दरीतली जमीन सक्तीने ताब्यात मिळावी, असा दावा तिने कोर्टात लावला. धरण झालं असतं तर आपण ज्या वाटेबद्दल बोलतोय ती आज तलावाच्या तळाशी असती. केंट यांनी तोड काढली ती कायद्यातूनच. १९०६च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय स्मारक घोषित करण्याचा अधिकार मिळाला होता. केंटनी दरीच्या मध्यातली २९५ एकर जमीन केंद्र सरकारला दान केली. सरकारच्या जमिनीवर खासगी कंपनीचा सक्तीचा ताबा चालत नाही. ९ जानेवारी १९०८ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी सही केली. खासगी माणसाने दान दिलेल्या जमिनीवर झालेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक.

रूझवेल्टना त्याला केंट यांचं नाव द्यायचं होतं. केंट यांनी कळवलं की मला पाच मुलगे आहेत, नाव टिकवायचं तर ते टिकवतील. नाव द्यावं ते निसर्गरक्षणासाठी झटणारे लेखक जॉन म्युअर यांचं, असा त्यांचा आग्रह होता.

नीलमोहोर

शोधक, हे मी छापून सासऱ्यांना वाचायला देणार. ते निवृत्त सिंचन अभियंता आहेत, धरणाचा मुद्दा त्यांना नक्की बोलतं करेल.

अनाहत

या गोष्टीची दुसरी बाजूही इथे यायला हवी. हेच विल्यम केंट पुढे खासदार झाले, १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांची संस्था स्थापन करणारं विधेयक मांडण्यातही त्यांचा हात होता. आणि आशियाई स्थलांतरितांना कॅलिफोर्नियात जमीन घेता येऊ नये, या धोरणाचे ते उघड पुरस्कर्ते होते. १९१३च्या जमीन कायद्याचा पहिला रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, आणि तो कायदा पंजाबी शेतकऱ्यांनाही भोवला. आपण त्या वाटेवर चालतो तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

शोधक

अनाहत, बरोबर आहे. २०२१ मध्ये म्युअर वुड्सच्याच कर्मचाऱ्यांनी तिथल्या इतिहासाच्या फलकावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारख्या नोंदी लावल्या होत्या. मूळचे कोस्ट मिवॉक लोक, कॅलिफोर्निया क्लबच्या बायका, केंट यांची आशियाईविरोधी भूमिका, हे सगळं त्यात होतं. जुन्या फलकातलं काही पुसलं नव्हतं, फक्त राहून गेलेलं जोडलं होतं. जुलै २०२५ मध्ये त्या नोंदी काढून टाकल्या गेल्या. मला ते फार वाईट वाटलं. त्या नोंदींनी केंट यांचं काम लहान होत नव्हतं.

प्रश्नचिन्ह

हे मला नवीन आहे. अनाहत, शोधक, दोघांचे आभार. मी जाईन आणि आईवडिलांना दोन्ही बाजू सांगेन.

सह्यभटक्या

मलाही हे ठाऊक नव्हतं. फलकावर आता नसेल तर आपणच नातवंडांना सांगायला हवं. त्यांचं तर गाव ते.

मृद्गंध

माझी नऊ वर्षांची लेक हा धागा मला वाचायला लावतेय. तिचे दोन प्रश्न: एवढ्या उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं कसं? आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊसच नसतो तर ही झाडं जगतात कशी?

पानगळ

लेकीला शाबासकी. मी वनस्पतीशास्त्राची, म्हणून मी प्रयत्न करते.

पाण्याला खालून कुणी ढकलत नाही, ते वरून ओढलं जातं. पानांतून पाण्याची वाफ होते, तेव्हा खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा सलग धागा वर खेचला जातो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून तो तुटत नाही. पण जितकं उंच, तितका ताण जास्त. शेंड्याकडच्या पानांना पाणी कष्टाने मिळतं, म्हणून ती बारीक आणि खवल्यांसारखी असतात. खालच्या फांद्यांची पानं मात्र चपटी आणि पसरट. वाऱ्याने पडलेल्या फांद्या वाटेवर दिसतील, तिला दोन्ही प्रकार शोधायला सांग. एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धुकं. उन्हाळ्यात पॅसिफिकच्या थंड पाण्यावरून धुकं दरीत शिरतं. रेडवुडची पानं ते धुकं अडवतात, थेंब होऊन ते जमिनीवर टपकतं आणि मुळं ते पितात. काही ओलावा तर पानं थेट शोषून घेतात. वर्षभरात रेडवुडच्या जंगलाला मिळणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा धुक्यातून येऊ शकतो. म्हणून मे-जूनमध्येही तिथे जाकीट लागतं, नीलमोहोर, सासूबाईंसाठी शाल नक्की घ्या.

मुळं खोल नसतात, दहा-तेरा फुटांपर्यंतच. पण आडवी खूप लांब जातात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्यामुळेच वाट सोडून बुंध्यापाशी जाऊ नये म्हणतात. पायाखाली माती दबली की वरच्या थरातल्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. साधा कठडा असतो, तो ओलांडून फोटो काढणारे बरेच दिसतात. कृपा करून आपल्यातलं कुणी तसं करू नये.

आणखी एक गंमत तिला दाखव. काही ठिकाणी झाडं गोलाकार उभी दिसतील, मध्ये मोकळी जागा. मध्ये पूर्वी आईझाड होतं. ते जळलं किंवा पडलं, आणि त्याच्या बुंध्याच्या गाठींतून भोवती नवे कोंब फुटले. त्या वर्तुळातली झाडं एकाच झाडाची लेकरं.

मृद्गंध

ती आत्ताच वही घेऊन बसली. तिसरा प्रश्न आला: खोडं खाली काळी का आहेत, आणि आतून पोकळ झाली तरी झाड जिवंत कसं?

पानगळ

जुन्या आगींच्या खुणा आहेत त्या. रेडवुडची साल फूटभर जाड होऊ शकते, तिच्यात राळ जवळजवळ नसते आणि टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. त्यामुळे आग लवकर पकडत नाही, कीडही लागत नाही. आतला गाभा जळून खोली झाली तरी सालीलगतचा पाणी नेणारा थर शाबूत असेल तर झाड शतकानुशतकं जगतं. त्या दरीत दीडशेहून अधिक वर्षं मोठी आग लागलेली नाही. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण अधूनमधून लागणारी छोटी आग रेडवुडला उपयोगाची असते. खालचा पालापाचोळा जातो आणि बियांना उघडी माती मिळते. बी तर टोमॅटोच्या बीएवढं!

खारुताई

टॅनिनमुळे कीटक कमी, कीटक कमी म्हणून पक्षीही कमी. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं, एवढं जंगल आणि पक्ष्यांचा आवाज कसा नाही? थोडं थांबलं की रेनची लांबलचक शीळ ऐकू येते. अंगठ्याएवढा पक्षी, पण त्याचं गाणं अख्ख्या दरीत पोचतं. ओलसर दिवशी वाटेच्या कडेला पिवळीधमक, बिनशंखाची, वीतभर लांब गोगलगाय दिसेल. मुलांना सांगा, बघायची, हात लावायचा नाही.

आवाजावरून आठवलं. तिसऱ्या पुलाच्या अलीकडे कॅथेड्रल ग्रोव्ह आहे, तिथे शांतता राखा अशी पाटी असते. १९ मे १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले प्रतिनिधी तिथे आले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट महिन्याभरापूर्वी वारले होते, त्यांच्या स्मरणार्थ. तिथे त्याची पाटी आहे. अशा जागी गेल्या उन्हाळ्यात एक मोठा गट हातातल्या स्पीकरवर गाणी लावून चालला होता, आणि गाणी आपल्या भाषेतली होती. मला मनापासून त्रास झाला. मी त्यांना विनंती केली, त्यांनी लगेच बंद केलं, वाईट मानलं नाही. लोक ऐकतात, कुणीतरी नीट सांगावं लागतं. तिथे पाट्या लावून आणि काढून आवाज मोजण्याचा प्रयोगही झालाय. पाटी असली की लोक खरोखर हळू बोलतात.

बे_एरियावासी

खारुताईंना अनुमोदन. आपले मोठे गट असतात, दहा-पंधरा जण एकत्र. तीन-चार जणांच्या तुकड्या करून थोड्या अंतराने चाललं तर आपल्यालाही जास्त दिसतं आणि इतरांनाही.

अनाहत

अजून एक छोटी भर. पहिल्या-दुसऱ्या पुलापलीकडच्या काठाला बोहेमियन ग्रोव्ह आहे. १८९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बोहेमियन क्लब या संस्थेच्या मंडळींनी तिथे उन्हाळी शिबिर भरवलं आणि त्यासाठी प्लास्टरची भव्य बुद्धमूर्ती उभारली होती, जपानमधल्या कामाकुराच्या बुद्धाच्या धर्तीवर. थंडी सोसवेना म्हणून पुढे त्यांनी शिबिराची जागा बदलली. मूर्तीचं आता काही उरलेलं नाही. परतताना त्या काठाने या, ती बाजू जास्त दाट आहे.

नीलमोहोर

बुकिंग झालं! मेमधला मंगळवार, सकाळी साडेआठ. सासूबाईंना आंबुटी दाखवायची आहे, त्या कोकणातल्या, लगेच ओळखतील. एक शेवटचं: माझ्या भावाचे सासू-सासरे डिसेंबरात येतायत. पावसाळ्यात जावं का? की तेव्हा सगळं चिखलाचं?

रानवाट

नीलमोहोर, छान वेळ घेतलीत. डिसेंबर-जानेवारीत अवश्य जा. गर्दी खूप कमी असते आणि मुख्य वाट फळ्यांची-डांबरी असल्याने चिखल होत नाही, फळ्या मात्र ओल्या आणि निसरड्या असतात. तळ चांगला असलेले बूट आणि ज्येष्ठांना काठी. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी जाऊ नका, मोठ्या फांद्या पडतात आणि रस्ताही बंद होऊ शकतो.

खारुताई

आणि हिवाळ्यातच मासे येतात! उन्हाळ्यात म्युअर बीचवर ओढ्याचं तोंड वाळूने बंद झालेलं असतं. पहिले मोठे पाऊस तो बांध फोडतात, मग समुद्रातून कोहो सामन वर चढतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. पिल्लं वर्षभराहून जास्त ओढ्यात राहून मग समुद्राकडे जातात. संख्या आता फार कमी झालीय, त्यामुळे दिसतीलच असं नाही. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, पाणी निवळलं की जा. दाराशी असलेल्या रेंजरला विचारा, आज कुठे दिसलेत ते सांगतात. पुलावरूनच बघायचं. काठावर उतरलं की खडीत घातलेली अंडी पायाखाली जातात.